रुपया पडला, डॉलर नव्वदला गेला, मग कापूस का हालत नाही?

पऱ्हाटीवाला (तालुका हिंगणघाट), डिसेंबर २०२५

आमच्या गावात पानठेल्यापासून पारापर्यंत सध्या हाच विषय आहे. डॉलर नव्वदीपार गेला. रुपया पडला की परदेशात माल विकणाऱ्याचा फायदा होतो, असं टीव्हीवर सांगतात. कापूस तर जगभर विकला जाणारा माल. मग खेडा खरेदीवाला (गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी) अजूनही सात हजाराच्या आसपासच का घुटमळतो? २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आहे, मध्यम धाग्याचा ७,७१०.

मी कागदावर हिशोब मांडून पाहिला. एक क्विंटल कापसातून ढोबळमानाने ३४ किलो रुई (नुसता धागा) आणि ६४ किलो सरकी (बी) निघते, बाकी तूट. परदेशी रुई इथल्या बंदरात पाऊंडाला ७५ सेंटला पडते असं धरू. म्हणजे किलोला साधारण १.६५ डॉलर. ३४ किलोचे झाले ५६ डॉलर. डॉलर ८५ ला होता, तेव्हा या रुईचे रुपये होत होते ४,७६०. आता ९० ला होतात ५,०४०. सरकी क्विंटलला ३,५०० धरली तर तिचे आणखी २,२४० येतात. जिनिंगचा (रुई-सरकी वेगळी करण्याचा) खर्च, हमाली, गाडीभाडं, व्यापाऱ्याचं सुटणं यातून वजा करा.

म्हणजे डॉलर एक रुपयाने वाढला की क्विंटलमागे ५६ रुपये वाढायला पाहिजेत. पाच रुपये वाढला, तर २८०. ते गेले कुठे?

माझ्या मते ते ऑगस्टातच गेले. रुईच्या आयातीवर ११ टक्के ड्युटी होती, २०२१ च्या बजेटात लावलेली. १९ ऑगस्ट २०२५ ला ती काढली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ५,०४० वर ११ टक्के म्हणजे साडेपाचशे रुपये. गंमत अशी की ड्युटी असती तर सूतगिरणीवाल्याला कापसाचा डॉलर शंभर रुपयांना पडला असता. ड्युटी नाही म्हणून नव्वदला पडतो. रुपयाने पाच दिले, अधिसूचनेने दहा काढून घेतले.

आपण वर्षभर हमीभावावर भांडतो. मे-जूनमध्ये आकडा जाहीर झाला की दोन दिवस चर्चा, मोर्चे, स्वागत, निषेध. आणि ज्या कागदाने भाव खरा हलतो, तो कागद पऱ्हाटीला (कपाशीला) पात्या म्हणजे कळ्या लागताना निघतो. त्यावर कोणी बोलत नाही. जाणकारांनी हिशोब तपासावा.

वाचनमात्र

बऱ्याच दिवसांनी चर्चेचा चांगला धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

जिनिंगवाला (वणी)

हिशोब बराचसा बरोबर आहे, भाऊ. पण दोन गोष्टी जोडतो.

पहिली, रुईचा उतारा सगळीकडे ३४ नसतो. पहिल्या वेच्याला ३५ च्या वर जातो, फरदडीला (हंगामानंतर ठेवलेल्या पिकाला) ३२ वर येतो. उताऱ्यातला एक टक्का म्हणजे क्विंटलला शंभर-सव्वाशे रुपये जिरतात किंवा वाढतात, म्हणून आम्ही ओलाव्याइतकंच उताऱ्याकडे बघतो. सरकी तेल आणि ढेपेच्या (तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीच्या) भावावर चालते, ती कापसाच्या भावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. हे कास्तकार विसरतात आणि चर्चा करणारे तर हमखास विसरतात.

दुसरी, रुईची परदेशी गाठ इथे वणीला येत नाही. ती तमिळनाडूच्या बंदरात उतरते आणि तिथल्याच गिरणीत जाते. आपली गाठ मात्र ट्रकने हजार-बाराशे किलोमीटर जाते. ब्राझीलच्या गाठीत कचरा कमी, धाग्याची लांबी सारखी. गिरणीवाला मला फोनवर म्हणतो, "तुमचा भाव राहू द्या, ब्राझीलचा अमुक आहे, त्याच्या खाली किती येता ते सांगा." ड्युटी निघाली त्या आठवड्यात हा फोन रोज यायला लागला. तेव्हा कापूस अजून शेतातच होता. भाव पडायला आयात व्हावीच लागते असं नाही, आयात होऊ शकते एवढं पुरे होते.

इचलकरंजीची_शुभदा

मी विदर्भातली नाही, पण सुताचं दुकान आहे म्हणून दुसरी बाजू मांडते. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के. तिकडचा कपडेवाला बिनड्युटीची रुई आणतो, आमच्याकडच्याने ११ टक्के चढवून घ्यायची आणि वर ३० टक्के जास्त शुल्क सोसून त्याच्याशी स्पर्धा करायची? यंत्रमाग बंद पडले, तर कापूस घेणार कोण? रुईचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक देशातली गिरणीच आहे, हे पऱ्हाटीवाले दादांनी हिशोबात धरलेलं नाही.

आणि २०२२ आठवा. तुमचा कापूस दहा-बारा हजारांवर गेला होता, तेव्हा इकडे माग आठवड्यातून निम्मे दिवस उभे होते.

पऱ्हाटीवाला

शुभदाताई, गिरणी वाचली पाहिजे याबद्दल वाद नाही. वाद एवढाच की ती कोणाच्या खिशातून वाचवायची? अमेरिकेने शुल्क लावलं, तर निर्यातदाराला व्याजात सूट द्या, थेट अनुदान द्या. ते तिजोरीतून जाईल, बजेटात दिसेल, संसदेत कोणी प्रश्न विचारेल. ड्युटी काढली की तेच पैसे घाटंजी-पांढरकवड्याच्या कास्तकाराकडून जातात, आणि कुठल्याच हिशोबात त्याचं नाव येत नाही.

२०२२ चं तुम्हीच काढलं म्हणून सांगतो. भाव चढले तेव्हा १४ एप्रिलला ड्युटी काढली. आमच्याकडे तोपर्यंत बहुतेकांचा कापूस विकून झाला होता. बारा हजार पाहिले ते साठवणाऱ्यांनी.

धुऱ्यावरून

राजेहो, हे सारं बराबर हाय. पन एक सांगा, डॉलर वाढला त आपल्या खर्चाचं काय? पोटॅश बाहेरून येते, डीएपी बाहेरून येते, फवारनीच्या औषधाचा कच्चा माल चीनमधून येते. एका हातानं ५६ रुपये भेटले आन् दुसऱ्या हातानं गेले, त फायदा काय कपाळाचा? आमच्या गावात त रुपया पडला म्हून लोकं खुश होऊन रायले होते. मी म्हनलं, थांबा ना बावा, आदी खताचं दुकान पाहून या.

नाममात्र (नागपूर)

धुऱ्यावरून भाऊंचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण खतात अर्धाच लागू पडतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपये आणि डीएपीची ५० किलोची १,३५० रुपये, हे भाव सरकारने बांधलेले आहेत. डॉलर चढला की तिथे तिजोरीचं अनुदान वाढतं, गोणीचा भाव नाही. (गोणी मिळते की नाही, हा वेगळा प्रश्न.) पोटॅश, संयुक्त खतं आणि औषधं यांना मात्र डॉलरची झळ थेट लागते. तरी कोरडवाहू कापसाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा, त्यातही वेचणीचा. ती रुपयात आहे. त्यामुळे रुपया पडल्यावर कापसाची कमाई खर्चापेक्षा जास्त वाढायला पाहिजे. वाढत नाही, याचं कारण पऱ्हाटीवाल्यांनी सांगितलं तेच.

हा प्रश्न फक्त आपला नाही, म्हणून थोडं लांबण लावतो. मी अर्थशास्त्र शिकवतो, माफ करा.

१९८० च्या दशकात अॅन क्रूगर, मॉरिस शिफ आणि अल्बर्टो वाल्डेस यांनी जागतिक बँकेसाठी १८ विकसनशील देशांचा अभ्यास केला. सरकारं शेतमालावर थेट कर, लेव्ही, निर्यातबंदी लावून भाव पाडतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा भार त्यांना सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास दिसला. पण चलनाचा भाव मुद्दाम चढा ठेवणं आणि कारखान्यांना संरक्षण देऊन बाकी सगळं महाग करणं, या आडमार्गाने बसणारा भार २२ टक्क्यांच्या घरात होता. शेतीखात्याशी ज्याचा संबंध नाही असं धोरण शेतकऱ्याला जवळजवळ तिप्पट महाग पडत होतं.

घानाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९६० च्या दशकात हा देश जगात सगळ्यात जास्त कोको पिकवायचा. खरेदीचा मक्ता सरकारी मंडळाकडे, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी सेडी हे चलन कागदावर एका डॉलरला २.७५ असं धरून ठेवलेलं. काळ्या बाजारात डॉलर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कोको डॉलरमध्ये विकला जायचा आणि शेतकऱ्याला मिळायचे ते खोट्या दराचे सेडी. लोकांनी झाडांकडे बघणं सोडलं, पोती रात्री सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टात आणि टोगोत जाऊ लागली. साठच्या दशकाच्या मध्यात पाच लाख टनांवर गेलेलं उत्पादन १९८३-८४ मध्ये एक लाख साठ हजार टनांवर आलं. १९८३ पासून सेडी टप्प्याटप्प्याने खाली आणला, १९८६ पर्यंत तो डॉलरला ९० झाला, आणि कोको हळूहळू पुन्हा उभा राहिला.

कापसाचंही एक उदाहरण आहे. जानेवारी १९९४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सीएफए फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्मी केली. माली, बुर्किना फासोमध्ये कापसाचं क्षेत्र वाढलं. मात्र खरेदी करणाऱ्या सरकारी कंपन्यांनी सगळी वाढ शेतकऱ्यापर्यंत जाऊ दिली नाही, बरीचशी स्वतःचं नुकसान भरून काढायला वापरली. चलन पडलं म्हणजे पैसे आपोआप वावरात येतात असं नाही, मध्ये कोण बसलं आहे ते बघावं लागतं.

आपल्याकडे जुलै १९९१ मध्ये दोन हप्त्यांत रुपया उतरवला, डॉलर २१ वरून २६ च्या आसपास गेला. त्यानंतर रुपया दाबून धरण्याचा प्रकार बराच संपला. माझं म्हणणं असं की जुन्या काळी जे काम चढ्या चलनाने व्हायचं, ते आता अधिसूचना करते. रुपया बाजारावर सोडला आणि कापूस, तूर, तेल यांच्यासाठी मात्र प्रत्येकाचा वेगळा, सरकारने ठरवलेला डॉलर ठेवला.

वाचनमात्र

कोकोवाल्यांनी सीमा ओलांडून माल नेला. आपला कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात रात्री मध्य प्रदेशात आणि आंध्रात जायचाच की. आमचे आजोबा रंगवून सांगायचे.

जिनिंगवाला (वणी)

जायचा. १९७२ पासून तीस वर्षं राज्यात सरकारी खरेदीशिवाय दुसऱ्या कोणाला कापूस विकायला बंदी होती. कधी पलीकडचा भाव चांगला असला की इथून गाड्या जायच्या, कधी इथला हमीभाव वर असला की पलीकडून यायच्या. वणीपासून पलीकडचा आदिलाबाद जिल्हा जवळ. नाके होते, नाक्यावरचे लोकही होते. जास्त बोलत नाही.

अकोटचा_संजू

हे सगळं ठीक आहे, पण मूळ दुखणं उत्पादकता आहे, ते कोणी बोलत नाही. ब्राझील हेक्टरी अठराशे किलोच्या वर रुई काढतो. भारत साडेचारशेच्या आसपास, आणि आपला कोरडवाहू विदर्भ त्याहून कमी. ब्राझीलवाल्याला ७५ सेंट परवडतात, आपल्याला नाही. ड्युटी लावून किती दिवस झाकणार? बोंडअळीवर नवीन बियाणं आलं नाही, २००६ नंतर कापसात नवं जीएम (जनुक बदललेलं) तंत्रज्ञान कायदेशीर मार्गाने शेतापर्यंत आलं नाही, सिंचन नाही. भाव मागण्यापेक्षा एकरी उतारा मागा.

पऱ्हाटीवाला

संजूभाऊ, दोन्ही मागू. पण ब्राझीलची तुलना करताना हेही धरा की तिकडे हजारो हेक्टरचे मळे आणि यंत्राने वेचणी. आणि अमेरिकेच्या कापूस अनुदानावर ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला होता आणि जिंकला होता. म्हणजे परदेशी भाव हा काही निसर्गाने दिलेला भाव नाही, त्यातही कोणाची तरी तिजोरी मिसळलेली आहे. अशा भावाशी उघड्या अंगाने भिडा म्हणायचं आणि वर बियाणंही जुनं ठेवायचं, याला काय म्हणावं?

कारंजा_लाड

कापसाचं झालं, सोयाबीनचं कोणी सांगेल का? सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरची ड्युटी वाढवली, कच्च्या तेलावर सगळं मिळून ५.५ वरून २७.५ टक्के. आम्ही खूश झालो. निवडणूक जवळ होती, सभांमध्ये ऐकून ऐकून कान किटले. सोयाबीन तरीही ४,८९२ च्या हमीभावाला शिवलं नाही, चार हजार-सव्वाचार हजारात गेलं. मग मे २०२५ च्या शेवटी ती ड्युटी १६.५ टक्क्यांवर आणली. लावली तेव्हा फायदा नाही, काढली तेव्हा मात्र तोटा, हे कसं?

जिनिंगवाला (वणी)

कारण सोयाबीन हे तेलाचं पीक कमी आणि ढेपेचं जास्त. क्विंटलमध्ये तेल १८ किलो, ढेप ८० किलोच्या आसपास. ड्युटीने १८ किलोचा भाव वाढतो. ८० किलोच्या ढेपेचा भाव अर्जेंटिना-ब्राझीलच्या ढेपेवर आणि आपल्याकडच्या कोंबडीखाद्यावर चालतो. इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्या-तांदळाचा चोथा स्वस्तात बाजारात आला, कोंबडीवाले तिकडे वळले. ढेप किलोमागे पाच रुपये उतरली की क्विंटलला चारशे गेले. तेलाच्या ड्युटीने दिलं तेवढं ढेपेने नेलं.

२०२१ मध्ये उलटं झालं होतं. सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं, कोंबडीवाले ओरडले आणि ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयाढेप आयात करायला परवानगी मिळाली. ज्या जीएम सोयाबीनची लागवड इथे करता येत नाही, त्याचीच ढेप. नवीन माल यायला महिना-दीड महिना होता. त्याच डिसेंबरात सोयाबीन, हरभऱ्यासह सात मालांचा वायदाही (पुढच्या तारखेच्या सौद्यांचा बाजार) सेबी या बाजार नियामकाने बंद केला, तो २०२५ मध्येही बंदच. पुढचा भाव काय राहील हे कळायची खिडकीच राहिली नाही.

मोर्शीची_सून

आमच्या संत्र्याला तर आपल्या सरकारची ड्युटी लागतच नाही, बांगलादेशची लागते. वरूड-मोर्शीचा अंबिया बहाराचा माल तिकडे जायचा. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये शुल्क होतं, वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ वर गेलं. त्यांच्याकडे डॉलरची चणचण, त्यांच्या लेखी संत्रं म्हणजे चैन. शुल्क त्यांनी लावलं आणि इथे बगीच्यात व्यापारी सौद्यातून मागे हटले. सासरे म्हणतात, ढाक्यातल्या मंत्र्याला मत द्यायची सोय असती तर बरं झालं असतं.

कांद्यावर निर्यातबंदी आली की नाशिकचा आवाज दिल्लीपर्यंत जातो. संत्र्याचा नागपूरपर्यंत जात नाही.

गोंदियाचा_धान

तांदळाचं आमच्याकडे तेच. जुलै २०२३ ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली ती थेट सप्टेंबर २०२४ ला उघडली. मधला एक पूर्ण खरीप गेला. बाकी वरच्यांनी लिहिलंच आहे.

धुऱ्यावरून

आन् तूर? तूर तर कोनी काढलीच नाई. २०२१ पासून तुरीची आयात खुली, मोझांबिक, म्यानमार, मलावी, सारीकडून येऊन रायली. दरसाल मुदत वाढवतेत, २०२५ साली मार्च २०२६ लोक वाढवली. दोन साल तूर दहा हजाराच्या वर होती म्हून लोकायनं कपाशीत तुरीच्या ओळी वाढवल्या. माल आला तवा ७,५५० चा हमीभाव भी नाई भेटला. वरून पिवळा वाटाना बिनड्युटीचा. त्याची डाळ तुरीत, बेसनात, साऱ्यात मिसळते. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्यावर ३० टक्के लावली म्हनतात. घोडा पळून गेल्यावर तबेल्याले कुलूप.

इचलकरंजीची_शुभदा

एक साधा प्रश्न. शहरात तूरडाळ दोनशे रुपये किलो होते, तेव्हा तुमच्याच गावातला भूमिहीन मजूर काय खातो? आयात थांबवा म्हणणं सोपं आहे.

नाममात्र (नागपूर)

रास्त प्रश्न आहे, आणि म्हणूनच आयात कायमची बंद करा असं मी म्हणणार नाही. मला खटकतो तो एकतर्फी वेग. भाव चढले की काही आठवड्यांत आयात खुली, साठ्यावर मर्यादा, वायदा बंद. भाव पडले की समिती, मग भावांतराची (हमीभाव आणि बाजारभावातला फरक देण्याची) घोषणा, मग २०२३ च्या हंगामासाठी हेक्टरी पाच हजार, तेही २०२४ मध्ये. शेतकऱ्याला वरचं टोक कधी मिळत नाही आणि खालचं टोक दर वेळी मिळतं, मग सरासरी काय येणार? ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था यांच्या २०१८ च्या अहवालात हीच सरासरी काढली होती. २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतीला मिळणारा आधार, अनुदानं धरूनसुद्धा, एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के. शेतकरी संघटनेचे शरद जोशी उणे सबसिडी म्हणायचे ती हीच. त्यांना लोक तेव्हा अतिरंजित समजायचे.

मधला मार्ग आहे. ड्युटी ठरलेल्या सूत्राने चालवा. परदेशी भाव अमुकच्या खाली गेला की ती आपोआप वाढेल, वर गेला की आपोआप उतरेल, आणि पेरणीआधी हे सगळ्यांना माहीत असेल. गिरणीवाल्यालाही हिशोब बसेल, कास्तकारालाही.

अकोटचा_संजू

सूत्र आलं की बैठका संपतील, निवेदनं संपतील, शिष्टमंडळं संपतील. कोण आणेल?

पऱ्हाटीवाला

हमीभावाबद्दल एक राहून गेलं. ड्युटी असती तरी माझ्या हिशोबाने, खर्च वजा न करताही, भाव ७,८०० च्या आसपासच गेला असता, ८,११० नाही. म्हणजे सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी लागलीच असती. पण फरक पडतो. गेल्या हंगामात सीसीआयने सुमारे एक कोटी गाठी घेतल्या. भाव जितका खाली, तितकी गर्दी सरकारी केंद्रावर, तितकी नोंदणी, ओलावा आणि चुकाऱ्याची (पैशाची) वाट. ज्याला पोराची फी भरायची आहे किंवा बँकेचा हप्ता आहे, तो १२ टक्क्यांच्या ओलाव्यावर अडकलेला माल परत आणत नाही, बाजूच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. ड्युटी काढल्याचा मार त्याच्यावर. हमीभाव ज्याला मिळाला त्याचा तोटा सीसीआयच्या खात्यात गेला, म्हणजे परत तिजोरीतच. गिरणीला थेट मदत दिली असती तर निदान हा वळसा वाचला असता.

धुऱ्यावरून

मले एकच सांगा आता. ३१ डिसेंबरले ड्युटी परत लागली, त जानेवारीत कापूस वाढन का? घरात माल पडून हाय. विकू का ठेवू?

जिनिंगवाला (वणी)

भाऊ, १ जानेवारीला फटाके फुटतील असं समजू नका. मुदत संपायच्या आत जेवढ्या गाठी आणता येतील तेवढ्या गिरण्या आणतातच, आणि त्या गाठी गोदामात पडून असतात. तो साठा उतरेपर्यंत त्यांना घाई नसते. शिवाय सीसीआयकडेही माल असतो, तो ते हळूहळू विक्रीला काढतात. सूत विकलं जायला लागलं तर मागणी लवकर येईल, ते अमेरिकेच्या शुल्कावर आहे आणि ते मला नाही कळत.

माल कोरडा असेल आणि सातबारावर कापसाची नोंद असेल तर आधी सरकारी केंद्राचा नंबर लावा. व्यापारी ८,११० देत नाही तोपर्यंत तिथे देण्यात नुकसान नाही. नंबर लागत नसेल आणि पैशाची नड असेल, तर नडीपुरता विका, बाकी ठेवा. ठेवताना सरकीच्या भावावर लक्ष असू द्या. मागच्या दोन-तीन वेळा रुई जागेवर असताना सरकीनेच कापूस हलवला आहे.

धुऱ्यावरून

नंबर लावला हाय. फोनवर मेसेज येईन म्हनतात. तुरीचा हिशोब कोनी असाच मांडून द्या ना, मोझांबिकची तूर बंदरात काय भावानं पडते ते. आमची सोंगनी लागली.